लॅपटॉपच्या दोन आत्या

माझी दोन नावं आहेत आणि दोन्ही मला विचारून ठेवलेली नाहीत. पहिलं पाळण्यात आत्यानं ठेवलं. तेव्हा माझं मत घेण्याचा प्रश्नच नव्हता. दुसरं लग्नात मिळालं. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात अक्षरं काढली आणि आजपासून आपण कोण हे मी इतरांबरोबरच वाचलं. ते नाव नणंदेनं सुचवलेलं होतं. तिनं ते स्वतःच्या मुलीसाठी राखून ठेवलं होतं, पण तिला मुलगेच झाले, म्हणून ते माझ्याकडे आलं. तक्रार नाही. नाव चांगलं आहे, टिकलं आहे. फक्त पॅनकार्डावर पहिलं आणि बँकेत दुसरं असल्यामुळे प्रत्येक कार्यालयात मला एकदा तरी विचारतात, की या दुसऱ्या बाई कोण?

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं संगणक विभाग सांभाळला. मग कारखाना दुसऱ्या राज्यात गेला. मी गेले नाही. घरातलं जेवणाचं टेबल भिंतीला लावलं, त्यावर लॅपटॉप ठेवला आणि लहान कारखान्यांना सॉफ्टवेअर लिहून द्यायला लागले. एका रोपवाटिकेचा साठा, एका शीतगृहाची आवक-जावक, अशी कामं झाली. सगळी माझ्या नावावर, म्हणजे दोनपैकी जे हाताला येईल त्या नावावर.

मग शेंद्र्याचं काम आलं. पत्र्याचे सुटे भाग करणारा कारखाना. गेटमधून काय आत येतं, काय बाहेर जातं आणि स्टोअरमध्ये काय उरतं, हे सगळं एका ठिकाणी दिसायला हवं होतं. मी नमुना करून दाखवला, तो त्यांना आवडला, आणि एका शुक्रवारी त्यांच्या परचेसच्या साहेबांचा फोन आला. ऑर्डर तयार होती, फक्त फर्मचं नाव सांगा म्हणाले. मी म्हटलं, माझंच टाका. ते म्हणाले, "मॅडम, तुमची दोन निघतात. कुठलं टाकू? आणि मालक फर्मशिवाय सही करत नाहीत."

मालक सोमवारी दुपारी गावाकडच्या लग्नाला निघणार होते आणि नंतर बराच काळ भेटणार नव्हते. एका पुणेकर कंपनीचं कोटेशनही त्यांच्या टेबलावर पडलेलं होतं. म्हणजे सोमवार सकाळपर्यंत नाव हवं होतं. इतकं मोठं काम मला पहिल्यांदाच मिळत होतं. ते गेलं असतं तर मी पुन्हा कुणाच्या तरी संगणक विभागात जाऊन बसले असते.

मला भीती वाटायला हवी होती. प्रत्यक्षात मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आयुष्यात पहिल्यांदाच मी एखादं नाव स्वतः ठेवणार होते आणि ते ताटातल्या तांदळात वाचायचं नव्हतं.

मी कामाला लागले. नाव असं हवं, की त्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, मोकळा असावा. हा नियम मीच घातला आणि मीच त्यात अडकले. सूत्र घेतलेलं. मेळ घेतलेलं. गणक, ताळा, बेरीज, सगळं घेतलेलं. लेण्यांची नावं तर आमच्याकडे मंगल कार्यालयांपासून पंक्चरच्या दुकानापर्यंत सगळ्यांनी आधीच वाटून घेतली आहेत. मी स्वयंपाकघरात शिरले. डबा घेतलेला होता. चिमटा घेतलेला होता. झारा मोकळा होता, पण झाऱ्याला भोकं असतात आणि सॉफ्टवेअरला ती असलेली गिऱ्हाइकाला आवडत नाहीत.

नवरा तंत्रनिकेतनात शिकवतो. त्यानं उत्साहानं मदत केली. त्याची नावं तपासायला घेतलेल्या पेपरांच्या गठ्ठ्यावर बसून सुचलेली असायची: प्रणालीप्रबोध, संगणसंवर्धिनी. डोमेन सगळीच मोकळी होती. का मोकळी होती हे सांगायची गरज नाही. पुण्याला नोकरी करणारी लेक फोनवर म्हणाली, की हल्ली नावातले स्वर काढून टाकतात. मी काढून बघितले. नाव उचकी लागल्यासारखं दिसायला लागलं.

शेवटी मी चाचणी ठरवली. शेंद्र्याला गेटवर पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनचा आवाज असतो. तिथून रखवालदारानं फोनवर नाव सांगितलं, तर पलीकडच्याला ते एका दमात कळलं पाहिजे. घरात प्रेस नव्हता, मिक्सर होता. नवऱ्यानं शेंगदाण्याचं कूट करायचं आणि मी बाल्कनीतून नाव ओरडायचं. प्रणालीप्रबोध त्याला तीनदा विचारावं लागलं, आणि ते त्याचंच होतं. आम्ही दोघं ओट्याला धरून हसत होतो. एवढं कूट झालं, की नंतर बरेच दिवस प्रत्येक भाजीत तेच पडत होतं.

नवरा म्हणाला, नाव काहीही ठेव, चुकलं तर पाटी बदलू. आमच्या गावाला त्याचा सराव आहे. शहराचंच नाव बदललं आहे. रिक्षावाला एक म्हणतो, बसवर दुसरं असतं, आणि माणूस घरी बरोबर पोचतो.

हे सगळं ठीक चाललं होतं. घोटाळा शनिवारी सकाळी झाला आणि तो माझ्या तोंडून झाला.

मी एका चुकीच्या मागे लागले होते. गेटपास रद्द केला, की स्टोअरमधला माल दुप्पट होत होता. तशात नणंदेचा फोन आला. ती पिशोरला असते. शेती, अद्रकीचा व्यापार, सगळं तिच्या हातात आहे. भावाकडून तिला नावाचं कळलं होतं. ती म्हणाली, घरात नवं लेकरू आलं अन् नाव कोन ठेवनार हे आत्याला ठाव नाय. माझं लक्ष त्या दुप्पट होणाऱ्या मालाकडे होतं. मी म्हटलं, "तुम्हीच ठेवा, वन्सं."

थोड्या वेळानं धाकट्या बहिणीचा फोन आला. ती आणि तिचा नवरा वेरूळला लेण्यांच्या रस्त्यावर जेवणाचं हॉटेल चालवतात. ती नावाचंच विचारत होती. पाटी वाचून गाडी थांबली पाहिजे, हे तिचं तत्त्व आहे. माल अजून दुप्पटच होत होता. मी म्हटलं, "तूच ठेव गं."

आमच्याकडे हे बोलणं 'जेवून जा' म्हणण्यासारखं असतं. समोरच्यानं 'छे छे, तुमचं तुम्ही ठेवा' म्हणायचं असतं. दोघींपैकी एकीनंही ते म्हटलं नाही. दोघींनीही फोन ठेवला तो कामाला लागण्यासाठी.

रविवारी सकाळी वन्सं एसटीनं आल्या. सोबत अद्रकीची पिशवी, घुगऱ्यांसाठी भिजवलेले हरभरे आणि एक जुनं लुगडं. लुगडं कशाला, असं मी विचारलं. त्यांनी छताकडे बघितलं. हॉलमध्ये लेकीच्या वेळचा कडीचा हुक अजून आहे. माझ्या लक्षात आलं. झोळी बांधायची होती. लॅपटॉपचं बारसं होणार होतं.

नवरा हळूच म्हणाला, की आता जे नाव पडेल ते पडेल. बारशातलं नाव बदललं तर त्याची ही अक्का वर्षभर बोलणार नाही. मी त्याला हुकावर टांगायच्या आधीच दाराची बेल वाजली. बहीण आली होती. हातात बत्तासे आणि मागच्या खिशात, तिच्या म्हणण्याप्रमाणे, नाव.

दोघी दारातच समोरासमोर आल्या आणि दोघींना एकाच वेळी कळलं.

मला वाटलं होतं भांडण होईल. जे झालं ते भांडणाच्या वरचं होतं, कारण दोघीही शांत होत्या. वन्सं सोफ्यावर बसल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, नाव ठेवायचा मान आत्याचा. आत्या म्हंजे बापाची बहीण. आणि चहा पीत असलेल्या भावाकडे बोट केलं. "बाप ह्यो."

नवरा म्हणाला, "माझा यात काही संबंध नाही. मला साधी प्रिंट काढता येत नाही."

बहिणीनं हे लगेच पकडलं. "दाजींनी हात वर केले. म्हणजे आई पण ताई आणि बाप पण ताईच. मग बापाची बहीण कोण? मी."

"तू मावशी," वन्सं म्हणाल्या.

"मावशी सकाळी. दुपारून आत्या."

वन्सं एवढ्यानं हरणाऱ्या नव्हत्या. अद्रकीचे दलाल त्यांच्यासमोर गप्प होतात ते उगाच नाही. त्यांनी दुसरीकडून सुरुवात केली. लेकरू कुणाच्या घरात हाय? टेबल कुणाचं? लाईटबिल कोन भरतं?

"लाईटबिल तीच भरते," नवरा म्हणाला.

"तू चहा पी," वन्सं त्याला म्हणाल्या.

तोवर मला हसू आवरेनासं झालं होतं. पण सोमवार उद्यावर आला होता. या दोघींपैकी एकीचं नाव घेतलं असतं, तर दुसरी दुखावली असती. दोघींचं घेतलं नसतं, तर दोघी. आणि कुणाचंही घेतलं असतं, तरी मी पुन्हा ताटातला तांदूळ वाचत बसले असते. मी माझ्या धंद्यात जे करते तेच केलं. दोन मागण्या एकाच वेळी आल्या तर दोन्ही एकदम चालू द्यायच्या आणि काय होतं ते बघायचं. मी म्हटलं, लॅपटॉपला दोन बाजूंना दोन स्पीकर आहेत, म्हणजे कान दोन आहेत. एकेकीनं एकेका कानात सांगा.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि मान्य केलं. घुगऱ्या शिजायला घातल्या.

इमारतीतल्या बायकांना बोलावणं गेलं. काय आहे, असं कुणी विचारलं नाही. बारसं म्हटल्यावर आल्या. आल्यावर झोळी बघितली, मग माझ्याकडे बघितलं, माझं वय मोजलं आणि मग एकीनं झोळीत डोकावून तोंडाला पदर लावला. खालच्या मजल्यावरच्या आपा सगळ्यात शेवटी आल्या. त्यांनी पण डोकावलं आणि म्हणाल्या, "माशाल्ला, किसपे गया?"

"आईवर," नवरा म्हणाला. "गरम लवकर होतो."

मी आधी बॅकअप घेतला. शेंद्र्याचा नमुना त्यातच होता आणि लुगडं कितीही जुनं आणि मऊ असलं, तरी माझा गाठीवर विश्वास नसतो. मग चार्जर काढला, लॅपटॉप बंद करून झोळीत ठेवला. बारशात वरवंट्याला कुंची घालून पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात, पण आमच्या घरात वरवंटा नाही. वन्संनी क्षणभर मिक्सरच्या भांड्याकडे बघितलं. मी जुनी हार्ड डिस्क काढून दिली. तिला रुमाल गुंडाळला, काजळाची तीट लावली, आणि ती या हातातून त्या हातात, झोळीखालून आणि झोळीवरून फिरली. इतक्या गंभीरपणे ती डिस्क कधीच हाताळली गेली नव्हती.

मग दोघी आत्या झोळीच्या दोन बाजूंना बसल्या. नावाआधी कानात कुर्रर्र करायचं असतं. नाव सांगितलं, की मागे उभ्या असलेल्या बायकांनी आत्याच्या पाठीत बुक्के घालायचे. हे सगळ्यांना माहीत असतं. कशाच्या आधी काय, यात आजवर कधी गोंधळ झालेला नाही, कारण आजवर आत्या एकच असायची.

वन्संनी कुर्रर्र केलं. बहिणीनंही केलं. दोघींना वाटलं, आपलं आधी थांबलं तर आपलं नाव समोरचीच्या कुर्रर्रमध्ये बुडून जाईल. म्हणून दोघींनी ते लांबवलं. वन्सं शेतातून हाका मारणाऱ्या; दम मोठा. बहीण हॉटेलच्या दारातून गाड्या थांबवणारी. तिचाही कमी नाही. कुर्रर्र चाललं ते चाललंच. दोघींचे चेहरे लाल झाले, डोळे एकमेकींवर खिळले, झोळी थरथरायला लागली. मागच्या बायका मूठ वळून तयार होत्या. त्यातल्या कुणाचा तरी धीर सुटला आणि पहिला बुक्का पडला. एक पडल्यावर बाकीच्या कशाला थांबतात? दोघींच्या पाठीत दणादण बुक्के बसायला लागले. वन्सं ओरडल्या, बहीण ओरडली, सगळ्या हसत सुटल्या, आणि त्या गोंधळात दोघींनी आपापली नावं कानात सांगितली. सांगितली असं दोघी म्हणतात. ऐकली कुणीच नाहीत.

बायका बसल्या. घुगऱ्या वाटल्या गेल्या. वन्सं पाठ चोळत म्हणाल्या, म्या आधी सांगितलं. बहीण म्हणाली, माझं आधी गेलं. साक्षीदार म्हणून लॅपटॉपकडे बघावं, तर तो बंद.

"तो फिर नाम क्या रखे?" आपांनी विचारलं. मग त्यांनीच एक हरभरा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "मेरे कू तो कुर्र, इतनाच सुनाई दिया."

सगळ्या पुन्हा हसल्या. मी हसले नाही. मी उठले, झोळीतून लॅपटॉप काढला, मांडीवर घेतला आणि सुरू केला. कुणाला काही विचारलं नाही. कुर्र असं टाइप करून बघितलं. मोकळं होतं. इतक्या लोकांच्या जगात, जिथं चिमटासुद्धा कुणीतरी घेऊन ठेवला आहे, तिथं हे मोकळं होतं. मी ते तिथंच, घुगऱ्यांचे हात पुसून, विकत घेतलं.

"ठरलं," मी म्हटलं.

"म्या सांगितलेलं?" वन्संनी विचारलं.

"नाही."

बहिणीचा चेहरा उजळला. तिलाही मी नाही म्हटलं. मग स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. दोघींनी वाचलं. वन्संनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"अगं ह्ये नाव नाय," त्या म्हणाल्या. "ह्ये नावाच्या आधीचं हाय."

"म्हणूनच उरलं होतं, वन्सं. आणि तुम्ही दोघींनीही म्हटलं. सगळ्यांनी ऐकलं."

बहिणीनं मनातल्या मनात ते पाटीवर लिहून बघितलं असावं, कारण ती म्हणाली, गाडी थांबेल. नवरा उठून स्वयंपाकघरात गेला, मिक्सर सुरू केला आणि हात कानामागे धरला. मी बाल्कनीतून ओरडले. त्यानं अंगठा वर केला. मिक्सर रिकामा फिरवल्याबद्दल वन्संनी त्याला वेगळं ऐकवलं.

दोघींची नावं काय होती, हे मी नंतर खूप विचारलं. सांगत नाहीत. पुढच्या लेकराला ठेवली आहेत म्हणतात. पुढचं लेकरू म्हणजे काय हे मला कळत नाही, पण वन्सं जाताना लुगडं आमच्याकडेच ठेवून गेल्या.

सोमवारी सकाळी परचेसच्या साहेबांना फोन लावला. प्रेसचा आवाज येत होता. मी नाव सांगितलं. मग ते म्हणाले, "बाळाच्या कानात करतात ते?"

"तेच."

त्यांनी ते लिहून घेतलं, हे मला कीबोर्डच्या आवाजावरून कळलं. मग लांबून कुणाला तरी सांगितलं आणि तिकडे दोन-तीन माणसं हसली. मालक हसतात की रागावतात, हे मला माहीत नव्हतं. साहेब परत फोनवर आले.

"मालक विचारतायत, कुर्र झाल्यावर बुक्के बसतात, ते कुणाच्या पाठीत?"

"सॉफ्टवेअर बंद पडलं तर माझ्या," मी म्हटलं. "माल न नोंदवता गेटबाहेर सोडला तर तुमच्या."

पुन्हा हसण्याचा आवाज आला, यावेळी जवळून. सही झाली. मी फोन ठेवला आणि रद्द केलेल्या गेटपासकडे वळले. माल अजून दुप्पटच होत होता.